खालची खिडकी

फ्लाइंग राणीला डबल डेकर डबे लागले तो १९७९चा डिसेंबर महिना होता. मी बारा वर्षांचा. पालघरच्या फलाटावर त्या आठवड्यात जे प्रवासी नव्हते तेही डबे बघायला येत होते. गाडी थांबली की पोरं आरडत वरच्या मजल्याकडे धावायची. मोठी माणसंही धावायची, पण आपण धावत नाही असं दाखवत. बाबा मुंबईला एका कचेरीत कारकून होते, सुट्टीत कधीतरी मला सोबत न्यायचे. वरच्या जिन्याशी झुंबड उडालेली असताना ते शांतपणे दोन पायऱ्या उतरून खालच्या मजल्यावर जाऊन बसायचे. मला रडू यायचं. ज्या गाडीला वरचा मजला आहे तिच्यात मुद्दाम खाली बसणारा बाप आपल्याच नशिबी का यावा, हे कळायचं नाही.

खालच्या मजल्याची खिडकी फलाटाच्या जवळजवळ बरोबरीला यायची. तिच्यातून माणसं दिसत नसत, माणसांचे पाय दिसत. चपला, बूट, धोतराचे काठ, नर्सबाईंचे पांढरे बूट, सातपाटीच्या कोळणींच्या टोपल्यांचे ओले तळ आणि त्यांची चांदीची जोडवी. बाबांचा त्यावर एक खेळ होता. पायांवरून माणूस ओळखायचा. हा शाळामास्तर, टाचा झिजल्यात बघ, दिवसभर उभा असतो. ही बाई माहेरी निघालीय, पिशवी खाली ठेवतच नाही. मी एकदा चिडून विचारलं, वर का नाही बसायचं? ते म्हणाले, "वरून माणसांची डोकी दिसतात. डोक्यावरून काय कळतं?"

मला मात्र त्या खिडकीतून निराळंच दिसत होतं. माझ्या वयाच्या पोरांचे बूट. त्यांच्या कॅनव्हासला लावलेला पांढरा खडू, त्यांच्या नव्या नाड्या. माझ्या पायात रबरी चपला होत्या, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेल्या. फलाटावरचा प्रत्येक जोड मी माझ्या पायांशी लावून बघायचो. बाबा ओळखत होते, मी मोजत होतो. पुढे पोटापाण्यासाठीही मला मोजण्याचंच काम मिळालं, ह्यात देवाची थोडी थट्टा असावी.

पालघरच्या दांडेकर कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी १९८८ साली बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसला लागलो. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी, मस्टर, गेटपास, ओव्हरटाइम, ठेकेदाराची बिलं. तिथल्या नावांची गंमत आहे. वसाहत बोईसरला, पण तिला म्हणायचं तारापूर एमआयडीसी. अणुवीज केंद्र अक्करपट्टी-घिवलीच्या किनाऱ्याला, पण जगभर नाव तारापूर. आणि खुद्द तारापूर गाव आपलं समुद्राकाठी पोर्तुगीज किल्ल्याच्या पडक्या भिंतीला टेकून स्वस्थ. नाव त्याचं झालं, गर्दी बोईसरची झाली. बोईसरच्या लोकांना ह्याचा राग आहे. तारापूरकरांना त्या रागाचा पत्ता नाही.

बोईसरमध्ये त्या काळी माणसांचे दोन वर्ग होते, ॲटॉमिकवाले आणि एमआयडीसीवाले. ॲटॉमिकवाल्यांना अणुवीज केंद्राची टॅप्स कॉलनी, झाडं, शाळा, दवाखाना, वेळेवर येणारी बस. आम्हाला शेअर रिक्षा आणि वाऱ्याची दिशा बदलली की डोळे चोळणं. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारा मित्र ॲटॉमिकला लागला. परीक्षेत त्याला माझ्यापेक्षा चारच मार्क जास्त होते. हे चार मार्क मला आजही पाठ आहेत. त्याला ते आठवतही नाहीत, हे मी विचारून खात्री करून घेतलं आहे.

त्याच मित्राने मला एकदा रिॲक्टरची गोष्ट सांगितली. पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या बनावटीचे, प्रत्येकी २१० मेगावॉटचे. देशातली पहिली अणुवीज. पुढे वाफेच्या यंत्रणेतल्या नळ्यांनी दगा दिला, आणि त्यांची क्षमता कागदोपत्री कमी करून १६० वर आणली. त्याला ते लोक डिरेट करणं म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे डिमोशनच की. तो हसला. म्हणाला, "डिमोशन माणसाचं होतं रे. मशीनला सांगितलं तुझं १६०, ते म्हणालं बरं." आणि त्या १६० वर ते संच पुढे कितीतरी दशकं चालले. २०१९ साली त्यांना पन्नास वर्षं झाली. जगातल्या सगळ्यांत जुन्या चालत्या संचांमध्ये त्यांची गणना व्हायची. शेजारी २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटचे दोन तगडे भाऊ उभे राहिले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली, तो हिशेब निराळा. पण त्या दोन म्हाताऱ्यांना शेजारच्या ५४० चं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. यंत्राला शेजार नसतो.

आम्हाला असतो. टाइम ऑफिसच्या भिंतीत एक खिडकी होती, हात आत जाईल एवढी. महिन्याच्या सात तारखेच्या आत तिच्यातून रोख पगार द्यायचा. खिडकी बुटकी, बाहेरचा कट्टा उंच, त्यामुळे समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, नुसता हात दिसायचा. आगगाडीच्या खिडकीतून पाय दिसत, इथे हात. पिवळ्या प्लांटचे पिवळे हात, निळ्याचे निळे. नखांच्या कडेला बसलेला रंग कितीही घासला तरी महिना-महिना जायचा नाही. अंगठा उठवायला मी स्टॅम्प पॅड पुढे सरकवला की एक म्हातारा हेल्पर हटकून म्हणायचा, "साहेब, शाई कशाला वाया घालवता? तसाच टेकवतो की." बाकीचे हसायचे. दर महिन्याला तोच विनोद आणि दर महिन्याला तेच हसणं.

त्या खिडकीशी वीसेक वर्षं बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पैसे मोजून घेतल्यावर "माझे इतकेच कसे?" असं क्वचितच कोणी विचारायचं. विचारायचे ते "त्याला किती दिले?" हात मागे जायचा, पाकीट खिशात जायचं, आणि मग तोच हात परत खिडकीच्या काठावर यायचा. जाताना आनंदाने गेलेला माणूस दहा मिनिटांनी रागाने परत यायचा. मधल्या काळात त्याच्या पाकिटातून एक रुपयाही कमी झालेला नसायचा. फक्त बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्याचं पाकीट उघडलेलं असायचं.

मी हसायचो त्यांना. मग एका एप्रिलमध्ये माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेल्या पोराला माझी ग्रेड मिळाली. तो पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी पेढा घेतला, अभिनंदन म्हटलं, तोंडात टाकला. त्या पेढ्याला चव नव्हती. साखर होती, खवा होता, वेलची होती, चव नव्हती. माझा पगार त्या दिवशी सव्वाशे रुपयांनी वाढला होता आणि मी घरी गेलो तो लुटला गेल्यासारखा.

आपली भाषा ह्या बाबतीत फार जाणती आहे. दुसऱ्याचं बरं झालं की ते आपल्या डोळ्यांत सलतं, खुपतं. मग पोटात दुखतं. मग आपण जळतो. हेवा, मत्सर, असूया, दुस्वास असे शब्दही भरपूर, पण अनुभव सांगायचा झाला की आपण शरीराकडे जातो, आणि सुरुवात नेहमी डोळ्यापासून होते. लॅटिनमध्येही हेव्याच्या शब्दात बघण्याचंच क्रियापद दडलेलं आहे, असं आमच्या चर्चच्या एका फादरांनी सांगितलं होतं. कुसळ आणि मुसळ आपल्या म्हणीत आहे तसंच शुभवर्तमानातही आहे. लहानपणी मला वाटायचं येशूने ती म्हण आपल्याकडून घेतली.

शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आमच्याकडे मिस्सेत तीन वर्षांतून एकदा, सप्टेंबरातल्या एका रविवारी वाचला जातो. मालक पहाटे नाक्यावर जातो, मजूर ठरवतो, दिवसाचा एक दीनार. मग पुन्हा सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी जातो, नवे मजूर आणतो. संध्याकाळ व्हायला तासभर उरलेला असताना पुन्हा जातो, तेव्हाही काही जण उभेच. त्यांनाही घेऊन येतो. पगाराची वेळ होते आणि सगळ्यांना एकेक दीनार मिळतो. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना एक, तासभर काम केलेल्यांनाही एक. पहाटेचे कुरकुरतात. मालक म्हणतो, मी तुझं काही बुडवलंय का? ठरल्याप्रमाणे दिलं ना? मग मी चांगला वागलो म्हणून तुझ्या डोळ्याला काय झालं? मूळ ग्रीकमध्येही तिथे डोळाच आहे म्हणतात.

प्रवचनात ह्यावर देवाची उदारता वगैरे सांगतात. मी ऐकत असतो, पण माझं लक्ष धंद्याकडे असतं. माझ्या मते त्या मालकाच्या कारभाऱ्याने एक चूक केली, आणि ती कुठल्याही टाइमकीपरला दिसेल. पगार वाटायला त्याने शेवटच्यांपासून सुरुवात केली. तेवढंच उलटं केलं असतं, पहाटेच्या माणसांना आधी पैसे देऊन घरी जाऊ दिलं असतं, तर ते दीनार मुठीत धरून गाणं म्हणत गेले असते. मागे कोणाला किती मिळाले त्यांना कळलंच नसतं. सगळी कुरकूर वाचली असती. मी वीस वर्षं तसंच केलं. ज्याची वाढ कमी त्याचं पाकीट आधी, ज्याची जास्त त्याचं शेवटी, आणि मधे जेवणाची सुट्टी. पण ह्या मालकाने क्रम तसाच सांगितलेला आहे. पहाटेच्या मजुरांना रांगेत उभं करून, दुसऱ्याच्या हातावर पडणारा दीनार बघायला लावलं आहे. म्हणजे ती चूक नव्हती. त्याला ते दाखवायचंच होतं. का दाखवायचं होतं, ह्याचा मला अजून पुरता उलगडा झालेला नाही. आणि झाला तरी आवडेल असं नाही.

बोईसरच्या नाक्यावर पहाटे हे दृश्य रोज दिसतं. थापी आणि ओळंबा घेतलेले गवंडी, ब्रश खोचलेला डबा घेऊन रंगारी, आणि ज्यांच्या हातात काहीच नाही असे. तलासरी, विक्रमगडकडचे वारली, बिहार-ओडिशाकडचे तरुण, बाया डब्यांच्या पिशव्या घेऊन. टेम्पो येतो, ठेकेदाराचा माणूस खाली न उतरताच बोटाने दाखवतो, तू, तू आणि तू. आधी तगडे जातात. मग ओळखीचे. नऊ वाजले की नाका ओसरतो आणि उरतात ती माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. एकदा माझी रात्रपाळी होती, पण काही कामाने मी लवकर, संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथून गेलो. नाक्याच्या कडेला दोघं अजून बसलेले. एक पन्नाशीचा, एक पायाने अधू. सकाळचा डबा उघडलेलाही नव्हता. मी विचारलं, अजून कसे? पन्नाशीचा म्हणाला, "नेलं नाही कोणी."

दाखल्यातही मालक हेच विचारतो आणि त्याला शब्दाला शब्द हेच उत्तर मिळतं. मी ते आयुष्यभर चर्चमध्ये ऐकलं होतं आणि मला ती माणसं आळशी वाटायची. उशिरा उठलेली. बारा तास उन्हात राबणं कठीण खरं, पण कोणी नेलं नाही म्हणून बारा तास नाक्यावर बसणं सोपं असतं, असं मला कोणी सांगितलं? त्या दोघांना चहा पाजून मी कामावर गेलो. त्यांना दिवसाची मजुरी द्यावी असं मनात आलं होतं. दिली नाही. उद्या आणखी दहा जण बसतील, असा टाइम ऑफिसचा विचार केला.

हा दाखला संपतो न संपतो तोच, त्याच अध्यायात, जब्दीची बायको येते. तिचे दोन मुलगे शिष्य आहेत. ती म्हणते, तुझ्या राज्यात माझा एक तुझ्या उजवीकडे बसव, एक डावीकडे. म्हणजे एवढं सगळं ऐकवून झालं आणि लगेच वशिल्याचा अर्ज आला. मला ही बाई फार आवडते. आमच्या गेटवर अशा आया मी शेकड्यांनी बघितल्या. मुलाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात. "साहेब, कुठेही चिकटवा." माझ्या आईनेही माझ्यासाठी एका ओळखीच्या माणसाचे उंबरे झिजवले होते. तिला कोणी महत्त्वाकांक्षी म्हटलं असतं तर ती दचकली असती. तो शब्द तिच्या मते सिनेमातल्या खलनायकांचा.

खरं म्हणजे महत्त्वाकांक्षेसाठी युरोपात जो शब्द आहे, त्याचं मूळ फिरण्यात आहे. रोमन लोक निवडणुकीला उभे राहिले की मतं मागत दारोदार फिरायचे, त्या फिरण्यावरून तो शब्द आला. आपल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदालाही वर्षानुवर्षं असंच फिरावं लागायचं. मग निवडणूक बंद झाली, सन्मानाने निवड होऊ लागली, आणि दुसऱ्याच वर्षी ते पद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्याकडे आलं, उस्मानाबादला, जानेवारी २०२० मध्ये. आमच्या घरात त्या दिवशी सण होता. वर्षानुवर्षं सुवार्ता मासिक चालवणारा, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेला, नंदाखालच्या वाडीत वाढलेला माणूस मराठीच्या सगळ्यांत उंच खुर्चीवर. काहींनी विरोध केला, धमक्या आल्या, तब्येत साथ देत नव्हती, तरी ते गेले. मी टीव्हीसमोर बसून रडलो. आणि मग, खोटं कशाला बोलू, मनात आलं की आपणही तरुणपणी सुवार्तेला दोन लेख पाठवले होते. एक छापून आला होता. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा तो अंक शोधला. वाळवीने अर्धा खाल्ला होता, माझा अर्धा.

वसईचा विषय निघाला की मला गोन्सालो गार्सिया आठवतो. आमच्याकडे पोरांना त्याचं नाव ठेवतात, कॉलेजला त्याचं नाव आहे, दर फेब्रुवारीत त्याचा सण होतो. भारतात जन्मलेला पहिला संत, म्हणून आम्ही मिरवतो. पण त्याची गोष्ट नीट वाचली तर ती बहुतांशी नकाराची आहे. सोळाव्या शतकात वसईला जन्मलेला हा पोरगा येशूसंघीय पाद्रींबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, त्यांचा दुभाषी झाला. त्याची एकच इच्छा, आपल्यालाही संघात घ्यावं. वर्षं गेली, घेतलं नाही. तो निघाला, व्यापार केला, बरा पैसा मिळवला. मग मनिलात फ्रान्सिस्कनांकडे गेला आणि तिथे बंधू म्हणून राहिला. पाद्री झालाच नाही. पुन्हा जपानला गेला तो पुन्हा दुभाषी म्हणूनच, दुसऱ्यांचं बोलणं तिसऱ्यांना सांगायला. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यांत तो होता. आणि त्या रांगेत ज्यांच्या संघाने त्याला घेतलं नव्हतं, त्या येशूसंघाचेही तिघे जण होते.

त्या टेकडीवर १९६२ साली एका जपानी शिल्पकाराने, यासुताके फुनाकोशीने, सव्वीस जणांची ब्राँझमधली रांग केली आहे. मी फोटोच पाहिलाय. सगळे एका ओळीत. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, सुतार, स्वयंपाकी, बारा वर्षांचं एक पोर. ते उभे आहेत असं वाटतं, पण नीट बघितलं की त्यांचे पाय कशावरच टेकलेले नाहीत, बोटं खाली लोंबतात. मी फोटोत आधी तेच बघितलं. बाबा असते तर म्हणाले असते, हे लोक कुठेतरी निघालेत.

पायांवरून आमच्या चर्चमधला पवित्र गुरुवार आठवला. त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले म्हणून. लूक लिहितो की त्याच जेवणाच्या मेजावर शिष्यांमध्ये वाद लागला होता, आपल्यात मोठा कोण. सव्वीसांतला एक होणं कोणालाच नको असतं, पण बारांतला एक व्हायला आमच्याकडे दरवर्षी रुसवेफुगवे होतात. मल्याळी किती, तमिळ किती, कोकणी किती, वसईकर किती, झारखंडचे का नाहीत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली बायकांचेही पाय धुवायची मुभा दिली, तेव्हापासून रुसणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली. एका काकूंनी वर्षभर माझ्या बायकोशी बोलणं टाकलं होतं, कारण बारांत तिचं नाव आलं आणि काकूंचं नाही. पाय धुवून घेण्याच्या मानावरून.

निवृत्त झालो त्या वर्षी माझं नाव आलं. घरून पाय दगडाने घासून, नखं कापून, तेल लावून गेलो. अकराही जणांनी तेच केलं होतं. सगळे मळ काढूनच मळ धुवायला आले होते. बारावा माझ्या शेजारी बसला. झारखंडातल्या सिमडेग्याकडचा, पंचविशीतला, एका रंगाच्या कारखान्यात ठेक्यावर. त्याचे पाय घोट्यापर्यंत निळे होते. त्यानेही घासले असावेत, कातडी सोलल्यासारखी लाल दिसत होती, पण नखांच्या कडांना आणि टाचांच्या भेगांत निळा तसाच. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी माझे पाय पुढे ठेवले होते. ते मागे घ्यावेत असं वाटलं, पण मग तेही दिसलं असतं. फादर परात घेऊन गुडघ्यावर आले. ज्या उंचीवरून मी एकेकाळी पालघरचा फलाट बघत होतो, साधारण तेवढ्याच उंचीवर त्यांचं डोकं होतं. त्यांनी माझे धुतले, पुसले. त्याचे धुतले, पुसले. परातीतलं पाणी किंचित निळं झालं की मलाच वाटलं, सांगता येत नाही.

विधी झाल्यावर बाराही जणांना कागदी पाकिटात पाव आणि काहीबाही देतात. रात्री स्टेशनवर तो आणि मी एकाच बाकावर आलो. त्याला उमरोळीला जायचं होतं, मला पालघरला. विरार लोकल उशिरा होती. फ्लाइंग राणीचे डबल डेकर २०२३ सालीच गेले. आता म्हणे बोईसरला बुलेट ट्रेन थांबणार आहे, तिकडे वाढवणला बंदर होतंय. मुंबईच्या शेजारी बसायची बोईसरची इच्छा पुरी होईलसं दिसतं. फलाटावर दिव्याखाली माणसं उभी होती, मोबाइलमध्ये बघत. मी सवयीने त्यांचे पाय बघत होतो. एकही ओळखता येत नव्हता. सगळ्यांचे एकसारखे बूट.

त्याने आपलं पाकीट मांडीवर धरलं होतं, न उघडता. थोड्या वेळाने माझ्या पाकिटाकडे बघून म्हणाला, "साहब, आपके वाले में क्या है?"

मी म्हटलं, अजून बघितलं नाही.

खोटं होतं ते. चर्चच्या मागच्या खोलीत चपला घालता घालताच मी उघडून बघितलं होतं. आणि आता बोलता बोलता पाकीट ह्या हातातून त्या हातात घेत होतो. त्याचं मला जरा फुगीर दिसत होतं.